सोऱ्याची चकती

उरला, रायपूर
२८ डिसेंबर

चि. नीलिमा हिस,

जय भीम.

मी बरा आहे. तू विचारलेलं नाहीस, पण पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून लिहितो. खालचा एक दात गेला. उजव्या बरगडीला मुका मार आहे, श्वास घेताना टोचतं. बाकी ठीक. इकडे थंडी चांगलीच पडली आहे, सकाळी धूर आणि धुकं मिळून समोरचं घर दिसत नाही. अनुरंजनच्या हाताची सूज उतरली का? बोटांत तारा टाकल्या असं कळलं. मधल्या बोटाचं हाड सरळ जुळतंय ना, एवढं डॉक्टरांना पुन्हा विचारून घे. एकदा वाकडं जुळलं की तोडून परत बसवावं लागतं. प्लांटमध्ये मी पाहिलं आहे.

तुझी आई परवा कपड्यांची पिशवी घेऊन तुमच्याकडे चौबे कॉलनीत गेली. जाताना दारात थांबली. म्हणाली, "पोट्टी एकच गोष्ट विचारून राहिली. बाबाले माहीत होतं का, तो कोण हाय ते? नसंन माहीत, तर नव्या वर्षाले जेवाले या म्हणते. मी सांगतलं तिले, नव्हतं माहीत. आता तुमी तुमच्या तोंडानं सांगा." मी फाटक उघडून दिलं. ती म्हणाली, "फोन तरी करा." फोनवर मला नीट बोलता येत नाही, समोरचा मध्येच बोलतो.

तर उत्तर या पत्रात आहे. पण मी क्रम सोडून काही सांगत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. शेवटपर्यंत वाच.

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. तुझ्या नवऱ्याचा, अनुरंजनचा, चेहरा मी चोवीस तारखेपर्यंत पाहिला नव्हता. फोटोही नाही. नाव विचारलं नव्हतं. तुझी आई कधी सांगायला लागली की मी उठून अंगणात जायचो. हे अक्षरशः खरं आहे, कोणालाही विचार.

चोवीस तारखेच्या आधी आठवडाभर तुझी आई मागे लागली होती. "कोठीवर नाताळचा बाजार लागला म्हणते, चाला नं पाहाले." मला जायचं नव्हतं. कारण तिला सांगितलं नव्हतं, तुला सांगतो. दिवाळीनंतर मी त्याच बाजारात जागा मागायला गेलो होतो. घंट्या नेल्या होत्या, मुठीत मावणाऱ्या, काशाच्या. बाजार भरवणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमनी एक उचलली, वाजवली, खाली ठेवली. "काम तो बहुत साफ है, भैया. पर हमको पारंपरिक परिवार चाहिए. आप तो प्लांट वाले हैं." मी म्हटलं, धातूला माझी जात कळत नाही, मॅडम. त्या हसल्या. म्हणजे जागा नाही.

भट्टीवर वीस वर्षं काढलेला माणूस. बस्तरचा एक ओतीव पितळी बैल विकत आणला, करवतीने मधोमध कापला आणि आतून पाहून सगळी विद्या काढली. कोणी गुरू नाही, कोणाचं कारागीर-कार्ड नाही. आणि मला जागा नाही. पुढे कळलं की तुम्हाला मिळाली. अनुरंजनच्या सात पिढ्यांत कोणी धातू ओतला नसेल, पण जशपूरचा उरांव आदिवासी म्हटल्यावर मॅडमला परंपरा दिसली. हे तुझ्यावर नाही लिहीत. मनात होतं ते लिहिलं.

तुझ्या आईनेही मला काही सांगितलं नव्हतं. ती तुला भेटते, तुझं टेबल तिथे आहे आणि मला न सांगता मला तुझ्यासमोर उभं करायचा तिचा बेत आहे, यातलं एक अक्षर नाही. एका घरात दोन माणसं इतकं न बोलता राहू शकतात.

कोठी तू पाहिलीच आहेस, तरी लिहितो. पुरानी बस्तीच्या मागे, जमीनदाराची जुनी हवेली. व्हरांड्याचे खांब बिडाचे, ओतीव. रंगाचे थर चढलेत तरी साच्याचा जोड वरपासून खालपर्यंत बोटाला लागतो. मी एकेका खांबावरून बोट फिरवत होतो. तुझी आई म्हणाली, "खांब पाहाले आलो का आपण?" दिवाणखान्यात केक विकायला होते. अंगणातल्या मोहाच्या झाडाला चांदण्या टांगल्या होत्या. लाल झगा आणि कापसाची दाढी लावलेला एक धिप्पाड माणूस लहान मुलांना गोळ्या वाटत होता. हिरवळीवर टेबलं. बांबूचं काम, मातीची भांडी, गोदनाच्या, म्हणजे गोंदणाच्या नक्षीच्या साड्या. कोंडागावच्या लोहाराने ऐरण मांडली होती, लोकांना घाव घालून दाखवायला. नरहरी त्याचं नाव, ते नंतर कळलं. मी त्याच्याशी बराच वेळ बोललो, त्याने लोखंडी सळईतून चिमणी कशी वळवली ते पाहिलं, वा म्हटलं. सांगायचा मुद्दा, मी आलो तेव्हा शांत होतो. हे लोकांनी तुला वेगळं सांगितलं असेल.

नरहरीच्या शेजारचं टेबल तुमचं.

तुझी आई म्हणाली, "तुमी इथंच उभे राहा. मी चहा आणतो. काई बोलू नका कोणाले." चहा मागच्या व्हरांड्यात होता, आणि तूही. ती तुला आणायला गेली होती.

टेबलावर घंट्या होत्या. मी एक उचलली आणि मला तिच्यावर माझी रेघ दिसली.

तुला हे पाठ आहे, तरी कागदावर राहू दे. बस्तरचे लोक मेणाची तार लाकडी दाब्यातून काढतात. मी ती तुझ्या आईच्या पितळी सोऱ्यातून काढली, शेवेच्या. ती चिडली होती, "दिवाळीले शेव कशातून पाडू?" चकतीच्या भोकाला मी कानशीने एक बारीक खाच दिली, त्यामुळे तारेवर उभी उठावाची रेघ येते. मेण जळून जातं, धातू ओतला की रेघ धातूत उतरते. भिंग लावलं तर कोणालाही दिसते, मला नुसत्या डोळ्यांनी. ती माझी सही. दुसऱ्या कोणाच्या कामावर ती नाही, या भरवशावर मी जगत आलो.

आणि तो सोऱ्या. तू घर सोडून गेलीस त्या दुपारी. तू म्हणालीस, "लग्न झालं, बाबा. आणि भट्टी मलेही येते. तुमी कधी ओतू देल्ली नाई म्हणून काय येत नाई का?" लग्नाचं मी ऐकून घेतलं असतं कदाचित. भट्टीचं नाही. सोऱ्या हाताशी होता, मी फेकला. फाटकाला लागला, पण नेम फाटकाचा नव्हता. तुझ्या डोक्याचा होता. हेही आज लिहून टाकतो.

नंतर पाहिलं तर सोऱ्या रस्त्यावर नव्हता. मला वाटलं भंगारवाल्याने नेला. पुढच्या खेपेला तो गल्लीत आला तेव्हा मी त्याची गचांडी धरली, सायकलीवरून खाली ओढला आणि तोंडात दिल्या. त्याचा ओठ फाटला. "मैं नहीं लिया, साहब," म्हणून तो रडत होता. त्याने खरंच घेतला नव्हता. तू उचललास हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी नवीन सोऱ्या आणला, नवी चकती केली, तिलाही तशीच खाच दिली आणि विषय संपला.

आता तूच बघ. कोठीवरच्या घंटीवर माझी रेघ. मी केलेली नाही. म्हणजे कोणीतरी माझी घंटी विकत घेऊन, रबराचा साचा पाडून नकला काढल्या. दुसरा अर्थच नव्हता. खरं तर खात्री करायची सोपी रीत आहे. दोन घंट्या शेजारी धरायच्या. नक्कल असेल तर तारेचा वेढा न् वेढा सारखा येतो, हातकाम असेल तर कुठेतरी फरक पडतोच. हे मी लोकांना शिकवतो. त्या दिवशी मी दुसरी घंटी उचललीच नाही.

टेबलामागे एक काळासावळा, शिडशिडीत माणूस. मला पाहून तो उभा राहिला. माझ्याकडे असा पाहत होता जसं ओळखतो. मी विचारलं, "ये कहाँ से उठाया?"

तो म्हणाला, "घर का माल है, बाबूजी."

"किसके घर का?"

तो मागच्या व्हरांड्याकडे बघायला लागला. एकदा नाही, पुन्हापुन्हा. तुझ्या आईने त्याला बजावलं होतं, मी नीलूला घेऊन येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मला काय माहीत? पकडलेला चोर पळायची वाट शोधतो तसं ते दिसलं.

"बोल ना. किसने बनाया?"

"आप दो मिनट रुकिए, बाबूजी. चाय लीजिए."

मी नरहरीच्या ऐरणीवरचा हातोडा उचलला. चार लोक जमले होते, मी त्यांना म्हटलं, बघा, नक्कल कशी असते ते दाखवतो. घंटी टेबलावर आडवी ठेवली आणि हाणली. पितळ चेपतं, कासं फुटतं. ती फुटली. एक बाई किंचाळली. तुकडा तिच्या मुलीच्या कपाळाला लागला होता, रक्त आलं. मी थांबलो नाही. दुसरी फोडली, मग तिसरी. तुकडे उडत होते, माझ्याही गालात एक रुतला. लोक मागे सरले. "पागल है क्या", "पुलिस बुलाओ", सगळं ऐकू येत होतं. ऐकू येत होतं, नीलिमा. हा शब्द लक्षात ठेव.

अनुरंजन पुढे आला आणि त्याने उरलेल्या घंट्यांवर हात आडवा ठेवला. मी म्हटलं, "हाथ हटा." त्याने हटवला नाही. हातोडा खाली आला आणि मध्ये हात होता.

तुझ्या आईला मी एवढंच सांगितलं आहे. तिने तुला तेच सांगितलं असेल.

पुढचं तुला थोडं माहीत आहे. हाड मोडतं तेव्हा लाकूड मोडल्यासारखा आवाज येतो म्हणतात, तसा नाही येत. ओल्या फांदीसारखा येतो. तो ओरडला नाही, खाली बसला. मग लाल झगेवाल्याने मला मागून विळखा घातला. मी डोकं मागे फेकलं, त्याचं नाक फुटलं, कापसाची दाढी लाल झाली. गेटवरच्या रखवालदाराच्या हाताला मी चावलो. मग कोणीतरी पायात पाय घातला आणि मी आपटलो. दात तेव्हा गेला. बूट किती जणांचे होते ते कळलं नाही. नरहरीने सगळ्यांना ढकलून माझ्या हातातला हातोडा मनगट पिरगाळून सोडवला आणि तोंडात मारली. "पगला गे हस का गा? मोर हथौड़ी ले मनखे मारबे?" म्हणाला. त्याच्या हातोड्याने माणूस मारला, याचा त्याला राग होता. तो हातोडा त्याने तिथल्या हौदात बुडवून धुतला, मी पडल्यापडल्या पाहिलं.

मग नाक फुटलेला लाल झगेवाला माझ्या पाठीवर बसला आणि मी गवतात गाल टेकून होतो. तेव्हा तू धावत आलीस. हातात पानाचा द्रोण होता, नाताळाचे तांदूळ-गुळाचे अरसे त्यात. तू ते माझ्यासाठी आणत होतीस हे आईने मागून सांगितलं. द्रोण पडला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मला ओलांडून गेलीस. मागून तुझी आई, "अनुरंजन! अरे देवा, अनुरंजन!" त्याचं नाव मी असं पहिल्यांदा ऐकलं. आणि तिने माझ्याकडे वळून म्हटलं, "जवाई हाय तो तुमचा. जवाई हाय!"

नंतर आलेल्या पोलिसाला अनुरंजनने सांगितलं की सामानाची पेटी हातावर पडली. मॅडमनाही तेच हवं होतं, सणाच्या दिवशी बाजाराचं नाव खराब नको. त्या मुलीचं कपाळ पट्टी लावून भागवलं. झगेवाल्याला काय देऊन गप्प केलं माहीत नाही. मला गेटबाहेर काढलं. तुझी आई मला रिक्षात बसवायला आली. मी विचारलं, तो काय करतो? ती म्हणाली, "पोरायले शिकवते. आन् नाताळाले चर्चात मांदराचा ढोल वाजवते. आज राती वाजवाचा होता."

घरी येऊन स्वेटर झटकला तर गळ्याच्या घडीतून एक तुकडा पडला.

तो मी दिव्याखाली धरला. आता लिहितो ते बाप म्हणून नाही, कारागीर म्हणून लिहितो, आणि तसंच वाच. काठ सगळीकडे सारख्या जाडीचा. माझा एका बाजूला जाड येतो, आतला मातीचा गाभा हलतो माझा, इतक्या वर्षांत मला ते साधलं नाही. आत मातीची काळी राख, म्हणजे मेणाचंच काम, रबराची नक्कल नव्हे. आणि आतल्या बाजूला, गाभ्यावरून उतरलेला अंगठ्याचा ठसा. लहान असताना तू मातीच्या गाभ्यावर अंगठा दाबायचीस, मी ओरडायचो, पुसून टाकायचो. तू तो ठेवलास. बाहेर माझी रेघ, आत तुझा अंगठा.

तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. खोडून पाहिलं, परत लिहिलं.

पण हे मला घरी आल्यावर कळलं, असं मी आत्ता लिहिलं ते खरं नाही. पहिली घंटी मी उचलली तेव्हाच ती हाताला लागून वाजली होती. आवाज सरळ गेला आणि बराच वेळ राहिला. माझ्या घंट्यांचा आवाज शेवटी थरथरतो. मी तो थरथरणारा आवाज रोज ऐकतो. त्याच क्षणी मला कळलं की माझी नक्कल माझ्यापेक्षा चांगली वाजूच शकत नाही. मग हातोडा घ्यायला नको होता. मी घेतला.

आता तुझा प्रश्न.

हातोडा खाली आला आणि मध्ये हात होता, असं मी वर लिहिलं. तो क्रम पुरा नाही. घाव दोन होते. पहिला टेबलाच्या काठावर बसला, त्याच्या करंगळीला घासून गेला, थोडं सालटं निघालं. त्याने हात तसाच ठेवला. बोटं पसरून ठेवली, घंट्या झाकायला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल, "बाबूजी, नीलिमा के हाथ का है."

मी ऐकलं.

लोक ओरडत होते, तरी ऐकलं. तुझं नाव मला गर्दीत ऐकू येतं, शाळेच्या गेटवर यायचं तसं. नाव ऐकलं, अर्थ कळला. हा कोण, घंट्या कोणाच्या, सोऱ्या कुठे गेला, तुझी आई चहाला का गेली, सगळं एका दमात कळलं. त्या माणसाच्या डोळ्यांत भीती नव्हती. त्याला वाटलं आता हे थांबतील. कोणीही थांबला असता.

माझ्या हाताला उलट जोर आला. पहिला घाव मी नक्कल करणाऱ्या चोरावर घातला होता. दुसरा त्याच्यावर नव्हता. तो त्या हातांवर होता ज्यांनी माझ्याशिवाय भट्टी लावली आणि माझ्यापेक्षा चांगली घंटी काढली. ते हात मागच्या व्हरांड्यात अरसे घेत होते, म्हणून समोर होता तो हात मोडला. खांद्यापासून उचलून मारला. ऐरणीवर मारतात तसा.

तुझ्या आईला हे माहीत नाही. तिने तुला खोटं सांगितलं नाही, तिला माझ्यावर विश्वास आहे. अनुरंजनला माहीत आहे. तो जे बोलला ते मी ऐकलं की नाही, हे माझ्या तोंडावरून त्याला नक्की कळलं असणार. तरी त्याने पेटीची गोष्ट सांगितली, आणि तुझ्या प्रश्नावरून दिसतं की त्याने तुलाही सांगितलेलं नाही. त्याला सांग, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. आणि तूही त्याला 'माफ केलं' असं म्हणायला लावू नकोस.

उद्या सकाळी हे पत्र तुमच्या फाटकाच्या पेटीत टाकून मी तसाच ठाण्यावर जाणार आहे. दोन्ही घाव सांगणार, मधलं वाक्यही सांगणार. ते लिहून घेतील की हाकलतील ते त्यांचं. नरहरीला मी फोन केला होता, तो साक्षीला यायला तयार आहे. म्हणाला, "आहूं. फेर तोर बर नहीं, वो लइका बर." तुझ्यासाठी नाही, त्या मुलासाठी येतो.

पाकिटात एक चकती आहे, माझ्या नव्या सोऱ्याची. खाच कानशीने घासून मी भोक गोल केलं आहे. आता तिच्यातून तार गुळगुळीत निघते. काढून पाहिली. तुझ्याकडची जुनी चकती तशीच राहू दे, तिची खाच घासू नकोस. यापुढे ती रेघ कुठेही दिसली तर ती तुझी. कोणी विचारलं तर तसंच सांगेन.

भट्टी लावताना साचा अंगाला लावून पाहत जा, गार लागला म्हणजे आत ओल आहे, ओतू नकोस. हे तुला येतं. तरी लिहिलं.

माहीत होतं. नव्या वर्षाला माझं ताट वाढू नका. आईला जेवायला लाव, ती माझ्या नावाने उपाशी बसेल.

ऐकून मारणारा,
तुळशीराम